नुसते गवत

१२ डिसेंबर, रात्री

आज माळावरच्या आमच्या केंद्राच्या अभिप्रायवहीत सहलीला आलेल्या सहावीतल्या एका मुलाने लिहिले आहे, ‘इथे काहीच नाही. नुसते गवत आहे. पाणी गार होते.’ शेवटचे वाक्य वाचून अण्णा खूश झाले, कारण माठ त्यांनी परवाच बदलला होता. मी मात्र संध्याकाळपासून पहिल्या वाक्यापाशीच अडून बसले आहे.

नऊ वर्षांत केंद्राचे पत्रे दोनदा उडाले, विजेचे बिल थकले, पण एवढे वाईट वाटले नव्हते. दोन तास मी मुलांना माळ दाखवला, मारवेल आणि पवन्या ही गवते हातात देऊन ओळखायला लावले, खोकडाच्या बिळापाशी सगळ्यांना गप्प उभे केले, आणि त्यातले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचले नसेल तर इतकी वर्षे मी कोणाशी बोलत होते? घरचे विचारतात तेव्हा मी चिडते. आज मीच विचारते आहे.

काहीच नाही. सरकारी कागदांतही अशा माळांची नोंद पुष्कळदा पडीक म्हणूनच होते, तेव्हा मुलाने वेगळे काय लिहिले? सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झाले, पुणे जिल्ह्यात सुप्याला १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. गवताला आपल्याकडे कोणातरी देखण्या प्राण्याच्या ओळखीनेच आत यावे लागते. देणगीदार येतात ते रोपे घेऊन. मागच्या उन्हाळ्यात मीही मान तुकवली आणि उतारावर चांगले गवत उपटून झाडांसाठी खड्डे घेऊ दिले. त्याविषयी आज लिहीत नाही.

जेवण झाल्यावर शाळेला पाठवलेले पत्र काढून पाहिले. त्यात पहिल्याच ओळीत लांडगा आहे, आणि तो मीच घातला आहे, कारण गवत पाहायला या असे लिहिले असते तर बस आली नसती. मुलगा बिचारा लांडगा पाहायला आला होता. मी त्याला मारवेल दाखवला. त्याच्या जागी मी असते तर पाण्याबद्दलही चांगले लिहिले नसते.

आता आठवते, बस सुटायच्या वेळी पायरीवर बसून मोज्यांतली कुसळे उपटत होता तो तोच. बाई ओरडल्या तेव्हा निम्मी तशीच ठेवून तो आत पळाला. भिजले की कुसळाची पीळदार शेपटी उलगडत गोल फिरते आणि दाणा मातीत रुतवते, हे मी सांगितले तेव्हा त्याचे लक्ष नव्हते. त्याच्या आईने मोजे आज भिजत घातले असतील, तर या वेळी बादलीत कुसळे वळवळत असतील, आणि ती माउली मला नाव न घेता चार शब्द ऐकवत असेल.