जुन्या आय५वर दोन ४के मॉनिटर : आतापर्यंतची प्रगती

दोन्ही मॉनिटर एकाच वेळी ३८४० × २१६० रिझोल्यूशनवर आणि पूर्ण ६० हर्ट्‌झवर चालायला लागले, म्हणजे सेकंदाला ६० वेळा नवं चित्र! मशीन माझं जुनंच आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅम आणि बारीक उभं कॅबिनेट. प्रोसेसरला हात लावलेला नाही. जुन्या मशीनवर ४के म्हटलं की सगळे आधी प्रोसेसरवर शंका घेतात, पण घोडं अडतं ते मॉनिटरची केबल जिथे लागते त्या पोर्टपाशी.

हिशोब करून बघा. ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल. दर पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे नुसत्या चित्राचाच डेटा सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट झाला. बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचं. त्याची एकूण क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, आणि त्यातही दर दहा बिटांतले आठच चित्राच्या कामी येतात. त्यामुळे तिथून ४के मिळतं, पण ३० हर्ट्‌झवर. स्थिर मजकूर वाचायला तेवढं पुरतं. मात्र कर्सर झपकन फिरवला की तो मधेच नाहीसा होऊन पुढे उगवतो आणि पान सरकवताना ओळी धक्के खात वर जातात. दिवसभर काम करायचं असेल तर हे डोळ्यांना सोसत नाही. उरलेलं डीव्हीआय १९२० × १२०० वर थांबतं, आणि व्हीजीएचा इथे विचारच नको.

म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड. अटी ठरलेल्या होत्या: कमी उंचीचं, पॉवर सप्लायमधून वेगळी वायर न लागणारं (म्हणजे स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटच्या आत भागणारं), आणि ४के ६० हर्ट्‌झ देणारी किमान दोन पोर्ट असलेलं. जीटी १०३० स्वस्तात मस्त वाटतं, पण त्यातल्या बऱ्याच कार्डांवर एक एचडीएमआय २.० आणि दुसरं डीव्हीआय असतं. दुसरा ४के मॉनिटर लावायचा कुठे? आरएक्स ६४००ची दोन्ही पोर्ट उत्तम आहेत, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर (चित्र आवळून व्हिडिओ फाइल बनवणारा भाग) नाही आणि मला स्क्रीन रेकॉर्डिंग लागतं. शेवटी एनव्हिडियाचं क्वाड्रो पी६२० घेतलं. चार मिनी डिस्प्लेपोर्ट १.४, २ जीबी मेमरी, ४० वॉट. गेमसाठी हे कार्ड नाहीच, पण डेस्कटॉपच्या कामाला याच्याइतकं चपखल दुसरं मला दिसलं नाही. वर एक मोठा फायदा म्हणजे एचईव्हीसी या पद्धतीने आवळलेले १० बिटचे व्हिडिओ आता कार्डच उलगडतं. आधी ४के फाइल लावली की चारही कोअर घामाघूम व्हायचे; आता प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो.

बसवणं सोपं होतं. कार्डाची धातूची लांब पट्टी काढून आखूड पट्टी लावली, कार्ड स्लॉटमध्ये दाबलं, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेसवर ठेवला.

खरा वेळ खाल्ला तो एका डिस्प्लेपोर्ट केबलने, आणि हे जरा सविस्तर सांगतो. ती जोडलेली असली की बटण दाबल्यावर पंखे फिरायचे, चित्र मात्र यायचं नाही. मशीनची पॉवर केबल भिंतीतून काढली, मॉनिटर चालूच ठेवला, तरीही मदरबोर्डावरचा एलईडी मिणमिणत होता! म्हणजे वीज मॉनिटरकडून उलटी येत होती. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावला (दोन टोकं जोडलेली असली की तो बीप देतो), बारीक सुया केबलच्या दोन्ही टोकांच्या २० क्रमांकाच्या पिनला टेकवल्या, आणि बीप वाजला. डिस्प्लेपोर्टमध्ये ही पिन ३.३ व्होल्टची असते; ती अडॅप्टरला वीज पुरवण्यासाठी आहे. दोन उपकरणं जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ती आरपार जोडलेली नसावी असा डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेचा नियम आहे. दुसरी केबल घेतली, तिथे बीप नाही, आणि मशीन पहिल्याच दमात सुरू झालं. तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर नवी डिस्प्लेपोर्ट केबल लावण्याआधी एवढी तपासणी जरूर करा.

सॉफ्टवेअरकडे लिनक्स आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही. एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हर शाखा या पिढीच्या कार्डांसाठी शेवटची, म्हणून तीच धरून ठेवली आहे. २७ इंचावर ४के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, त्यामुळे स्केलिंगशिवाय (सगळं मोठं करून दाखवल्याशिवाय) अक्षरं मुंगीएवढी दिसतात. लिनक्सवर पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेत ते १५० टक्के ठेवलं. जागा २५६० × १४४० इतकी मिळते आणि देवनागरीची जोडाक्षरं, रफार, मात्रा अगदी कोरीव दिसतात. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ आता झूम न करता वेगळे ओळखू येतात. मुद्रितशोधन करणाऱ्याला याहून काय हवं! वेलँडच्या आधीच्या एक्स११ या व्यवस्थेसाठी लिहिलेले काही जुने प्रोग्रॅम मात्र अजून धूसर दिसतात.

अजून दोन कामं बाकी. एक मॉनिटर बटणाने बंद केला की त्यावरच्या सगळ्या खिडक्या दुसऱ्यावर उडी मारतात, कारण डिस्प्लेपोर्टवर तो मॉनिटर जोडलेलाच नाही असं सिस्टिमला वाटतं. काही मॉनिटरच्या मेनूत यावर उपाय असतो. माझ्या दोन्हींचे मेनू पुढच्या वेळी नीट चाळणार आहे. दुसरं, ८ जीबीची आणखी एक रॅम पट्टी लावून ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या एकाच वेळी वापरणं) करायचं आहे. कुणी बी८५वर वेगवेगळ्या कंपन्यांच्या डीडीआर३ पट्ट्या एकत्र चालवत असाल तर कुठल्या वेगावर त्या स्थिर राहतात ते कळवा.