तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलाला आयडी कोणता द्यायचा?

हिंजवडीच्या ऑफिसात टीममध्ये नवीन मुलं आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच: "ताई, आयडी ऑटो-इन्क्रिमेंट ठेवू की यूयूआयडी?" आयडी म्हणजे टेबलातल्या प्रत्येक नोंदीची ओळख. ऑटो-इन्क्रिमेंट म्हणजे डेटाबेस स्वतःच वाढवत जाऊन देतो तो आकडा, आणि यूयूआयडी म्हणजे कुठेही तयार करता येणारी, दुसऱ्या कशाशी न जुळणारी लांब खूण. उत्तर देते, पण आधी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाचं सांगते.

त्यांची सभासद-नोंदणी मी दुरुस्त करून दिली होती. मूळ रचनेत मोबाइल नंबर हीच प्रायमरी की होती, म्हणजे दोन नोंदींत एकच चालत नाही अशी ओळख. वरवर सोयीचं. पण एका घरात आजी, आई आणि मुलगी तिघी सभासद, आणि आजींकडे फोनच नाही. आईचाच नंबर टाकून आजींचं नाव घालायला गेलं की डेटाबेस नोंद घ्यायचा नाही. मग काउंटरवरच्या काकू शेवटचा आकडा बदलून नोंद उरकायच्या. पुस्तक परत यायला उशीर झाला की मेसेज जायचा भलत्याच माणसाला. कुणी नंबर बदलला, तर देवघेवीच्या सगळ्या जुन्या नोंदीही बदलाव्या लागायच्या.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आयडीला काही अर्थ असू नये. नंबर, पत्ता, आडनाव, जे जे बदलू शकतं ते साध्या कॉलमात ठेवा.

आता तुमचा प्रश्न. सगळ्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये तयार होत असतील, तर ऑटो-इन्क्रिमेंट घ्या आणि प्रकार बिगइंट (मोठा पूर्णांक) ठेवा. साधा इंट 2,14,74,83,647 ला संपतो. नोंद आधी फोनवर, नेटशिवाय जन्माला येणार असेल तर यूयूआयडी. तो 128 बिटांचा, म्हणजे 16 बाइटचा असतो. मजकूर म्हणून साठवलात तर 36 अक्षरं खातो, तेव्हा तसं करू नका. यूयूआयडीची चौथी आवृत्ती जवळजवळ पूर्ण रँडम असते, आणि मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन तर रो (नोंदी) प्रायमरी कीच्या क्रमानेच ठेवतं. त्यामुळे प्रत्येक नवी नोंद मध्येच कुठेतरी घुसते आणि डेटा साठवायची भरलेली पानं फुटत राहतात. 2024 मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीत पहिले 48 बिट वेळेचे असतात, म्हणून नव्या नोंदी शेवटाकडे जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 18 व्या आवृत्तीत ती थेट मिळते.

एक मात्र लक्षात ठेवा. आयडी म्हणजे पावती क्रमांक नव्हे. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे व्यवहार मध्येच रद्द झाला, तरी घेतलेला आकडा परत जात नाही, आणि 1043 नंतर थेट 1045 येतो. वाचनालयाच्या खजिनदारांना मधली पावती गहाळ झाली असं वाटलं होतं, आणि त्यांची काळजी योग्यच होती. सलग क्रमांक हवा असेल तर त्याचा वेगळा कॉलम करा.

पण मला खरी कळकळ आहे ती डीफॉल्टची, म्हणजे काही भरलं नाही तर डेटाबेस आपोआप टाकतो त्या किमतीची, आणि त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. त्याच टेबलात पिनकोडला डीफॉल्ट होता 411030. फॉर्ममध्ये पिनकोड सुटला की सभासद आपोआप सदाशिव पेठेत राहायला यायचा! घरपोच पुस्तकांची योजना आखताना यादी काढली, तर जवळजवळ सगळं गाव पेठेतच. प्रत्यक्षात कितीतरी जण कधीच कोथरूडला, सिंहगड रोडला गेलेले.

नोंद झाली ती वेळ डेटाबेसला स्वतःला माहीत असते, तिथे डीफॉल्ट जरूर द्या. माणसाचा पत्ता, जन्मतारीख, रक्तगट डेटाबेसला माहीत नसतो. तिथे नल, म्हणजे रिकामी जागा, राहू द्या. नल म्हणजे "अजून विचारलेलं नाही", आणि हे उत्तर खरं आहे. शिवाय कॉलम वगळला तरच डीफॉल्ट लागतो. ॲपने उघडपणे नल पाठवला तर तो नलच राहतो. वेळेच्या कॉलमाला म्हणून सोबत नॉट नल (नल चालणार नाही हा नियम) लावा.

वाचनालयात खरे 411030 आणि आपोआप पडलेले 411030 वेगळे काढायला कुठलीच क्वेरी नव्हती. काकूंनी यादीचे कागद काउंटरवर ठेवले आणि पुस्तक बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "सध्या राहता कुठे हो?" ते काम पावसाळाभर चाललं.