वाळा, सिडार आणि दगाबाज नाक: आवृत्ती 3 ची नोंद

मागच्या वेळी माझ्या घरगुती परफ्यूमची आवृत्ती 2 "दोन तासांत उडते" अशी तक्रार करून मी गप्प बसलो होतो. ती तक्रार मागे घेतोय. का ते खाली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: पुण्याच्या मे महिन्यात रोज ऑफिसला मारता येईल असा, खिशाला जड न होणारा, लाकूड आणि वाळ्याचा परफ्यूम घरी जमवायचा खटाटोप चाललाय. डोळ्यापुढे आहे लालीक या फ्रेंच कंपनीचा एंक्र न्वार. 2006 मधला, नाताली लोर्सोंने केलेला, काळ्या शाईच्या दौतीसारखी चौकोनी बाटली. ओल्या मातीतून उपटलेल्या मुळांचा वास इतक्या कमी पैशात दुसरीकडे मला तरी मिळालेला नाही. पण तो जरा उदास आहे. जुलैत झकास, मेमधल्या दुपारी मात्र सुतक पाळल्यासारखं वाटतं. मला वाळा तोच हवाय, फक्त खिडकी उघडलेली.

11 मे. आवृत्ती 2 मध्ये सगळा भार हिमालयन देवदाराच्या तेलावर होता. स्वस्त आहे, पण डांबरासारखी एक कड येते. या वेळी त्यातला मोठा वाटा व्हर्जिनिया सिडारला दिला. (नाव सिडार असलं तरी झाड जुनिपरच्या जातीचं. वास मात्र नुकत्याच सोललेल्या पेन्सिलीचा, कोरडा.) 10 ग्रॅमचं माप असं: आयसो ई सुपर (लाकडाचा मंद वास देणारं कृत्रिम रसायन) 0.60, हैतीचं वाळ्याचं तेल 0.30, व्हर्जिनिया सिडार 0.20, देवदार 0.10, बर्गमोट (लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल) 0.20, अँब्रॉक्सनचं (अंबरासारख्या वासाचं रसायन) 10 टक्के द्रावण 0.10. उरलेलं 8.50 परफ्यूमर्स अल्कोहोल. कच्चा माल शंभर रुपयांच्या आत बसला. बर्गमोट बर्गाप्टेन काढलेलंच घ्या. साधं तेल अंगावर लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते.

वजन करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर काट्यावरचा शेवटचा आकडा नाचत राहतो. त्यात वाळ्याचं तेल काकवीसारखं. ड्रॉपरच्या टोकाशी थेंब लोंबत राहतो, काटा 0.28 वर थांबलेला, कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आलेला, आणि आपण श्वास रोखून उभे. पडला. 0.31. चालेल.

खरं तर हैतीच्या जागी आपल्याकडची रूह खस, म्हणजे वाळ्याचं पारंपरिक तेल, घालायची होती. तांब्याच्या डेगेत काढलेली खस तांब्यामुळे हिरवट होते, हे वाचलेलं. म्हणून एका दुकानातून आलेली हिरवीगार बाटली बघून मी हुरळलो. ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) टाकली तर थेट खस सरबत! हिरवा रंग वेगळा घातलेला. पैसे गेले, नाक शहाणं झालं.

18 मे. आठवडाभर कपाटात मुरल्यावर अल्कोहोलचा झणका बराच बसला. सकाळी सव्वाआठला छातीवर दोन स्प्रे, मानेमागे एक. पहिली पंधरा मिनिटं बर्गमोट, मग पेन्सिल, मग मुळं. अकरा वाजता मनगट, कोपर, कॉलर सगळं हुंगून पाहिलं. शून्य. वहीत लिहिलं: "परत तेच."

चार वाजता शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काय लावलंयस रे? आजोळच्या माठातलं पाणी आठवलं."

म्हणजे वास होता. नाकच झोपलं होतं. आयसो ई सुपर या बाबतीत बदनामच आहे, काहींना तर तो मुळीच येत नाही. सतत नाकाखाली असला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो, आणि आपण बिचाऱ्या फॉर्म्युल्याला शिव्या घालत बसतो. आवृत्ती 2 मध्ये मी याच कारणासाठी आयसो ई वाढवत गेलो होतो, म्हणजे आगीत तेल.

20 मे. आता पद्धत बदलली. तीन धुतलेले रुमाल, कोपऱ्यात पेनाने खुणा: एकावर आवृत्ती 2, एकावर 3, एक कोरा. सकाळी आठला एकेक स्प्रे मारून वेगवेगळ्या डब्यांत बंद. रात्री आठला आईपुढे ठेवले. तिला काही सांगितलं नव्हतं.

कोरा रुमाल तिने लगेच बाजूला टाकला. 2 वर नाक मुरडलं: "हे रंगकाम चाललंय तसं." 3 दोनदा हुंगला. "हा वाळा. पण माठात घालायच्या आधीचा, कोरडा. बाजारातून जुडी आणली की पिशवीला येतो तसा."

बारा तासांनी वाळा ओळखू येतोय! पण "कोरडा" हा शेरा बरोबर टोचला. एंक्र न्वारमध्ये जी ओल आहे ती माझ्याकडे नाहीच. तिथे सायप्रस या झाडाचा वास आहे, माझ्याकडे नुसती लाकडं.

24 मे. आवृत्ती 4: आयसो ई 0.60 वरून 0.45, त्या जागी सायप्रसचं तेल 0.10 आणि पॅचौलीचं 0.05. बाकी जैसे थे. बाटली कपाटात गेली, 31 ला उघडतो. जुने रुमाल धुऊन वाळत घातलेत. पण 3 च्या रुमालाला धुतल्यावरही वास येतोय, त्यामुळे पुढच्या चाचणीसाठी नवे आणावे लागणार. कोणी सायप्रस याहून जास्त घालून पाहिलाय का? माझ्या ब्लॉटरवर 0.20 ला फरशी पुसल्यासारखा वास यायला लागला होता.