केस गेले ते गेलेच

मेक्सिको सिटीजवळचे पिरॅमिड बघून झाले, चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घरही बघून झालं. पिरॅमिड अवाढव्य आहेत, ऊन डोकं फिरवणारं आहे आणि निळ्या घरापुढची रांग त्या घरापेक्षा मोठी आहे. यापलीकडे त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते शुक्रवारी रात्री भर रिंगणात चमनगोटा झालेल्या एका पैलवानाबद्दल.

दादा ह्यूस्टनला असतो. मी त्याच्याकडे गेले होते. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, हे कळल्यावर दादाच्या डोक्यात किडा वळवळला. वहिनी म्हणाली, "पैसे देऊन मारामाऱ्या बघायला मी येणार नाही, तुम्ही दोघं जा." तिचंही बरोबर होतं. आम्ही दोघं सांगलीत केबल आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्त्यांच्या, ट्रम्प कार्डांवर वाढलेले. त्यातल्या अंडरटेकर नावाच्या पैलवानाला सात जन्म आहेत, तो दर वेळी मरून परत येतो, हे आमच्या अख्ख्या आळीला पक्कं माहीत होतं. आमच्याकडे पुरावाही होता. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅनकाइंडबरोबरच्या 'बरीड अलाइव्ह' सामन्यानंतर त्याला खड्ड्यात ढकलून वर माती लोटली, आणि नोव्हेंबरात हा बाबा वटवाघळासारखे पंख लावून छतावरून खाली उतरला!

त्या काळी असल्या सामन्यांचा आम्हाला भारी नाद होता. शिडी, पिंजरा, शवपेटी, जे असेल ते. शिडीवर चढून वर टांगलेली वस्तू काढायची, ही कल्पना कॅनडातल्या कॅल्गरीत १९७२ मध्ये निघाली, पण जगभर गाजली ती १९९४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शॉन मायकल्स आणि रेझर रॅमननं खेळल्यावर. १९९८ मध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरनं मॅनकाइंडला सोळा फुटी पिंजऱ्याच्या टपावरून खालच्या टेबलावर फेकलं, तेव्हा आईनं उठून टीव्हीच बंद केला होता. हे सगळं बघताना डोळे विस्फारायचे, पण पुढच्या आठवड्यात सगळे जसेच्या तसे हजर. कुणाचं काही गेलेलं नसायचं.

मेक्सिकोत जातं. म्हणून मला तिथे जायचं होतं.

अरेना मेक्सिको 'दोक्तोरेस' नावाच्या वस्तीत आहे. इथल्या गल्ल्यांना डॉक्टरांची नावं आहेत आणि अरेना आहे डॉक्टर लाव्हिस्ता रस्त्यावर. पाच पेसोत मेट्रोनं पोचलो. काळोख पडल्यावर त्या भागात रेंगाळू नका असं सगळे सांगतात, पण काळोख पडल्याशिवाय कुस्त्या सुरूच होत नाहीत, त्याला काय करणार? बाहेर काळ्याबाजाराने तिकीट विकणारे असे अंगावर येतात की मला आपल्याकडची सिंगल स्क्रीन थिएटरं आठवली. दादानं खिडकीवरूनच तिकिटं काढली, तरी त्यातला एक जण "अमिगो, अमिगो" करत पार दारापर्यंत मागे आला. आत बिअर भरपूर. शाकाहारी माणसानं तिखट सॉस ओतलेले वेफर्स खावेत आणि घरी जाऊन भात लावावा.

इमारत १९५६ ची, सोळा हजारांहून जास्त माणूस मावतं. १९६८ च्या ऑलिम्पिकची बॉक्सिंग इथेच झाली होती. हा सगळा पसारा साल्वादोर लुत्तेरोत नावाच्या गृहस्थांचा. अमेरिकेच्या सीमेवर त्यांनी कुस्त्या बघितल्या, त्या डोक्यात बसल्या आणि सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांनी राजधानीत पहिला कार्यक्रम लावला. त्यांची कंपनी नाव बदलून आजही चालू आहे.

पैजेची लढत त्यानंतर सात वर्षांनी आली. १९४० मध्ये एल मुर्सिएलागो एन्मास्कारादो, म्हणजे मुखवटेवाला वटवाघूळ, याची ओक्तावियो गाओनाशी कुस्ती ठरली. गाओना वजनानं बराच भारी. तेव्हा वटवाघळानं अट घातली की माझा मुखवटा पणाला लागणार असेल तर तुझे केसही लागले पाहिजेत. गाओना जिंकला, मुखवटा उतरला आणि प्रथा पडली. मुखवट्यासमोर मुखवटा, मुखवट्यासमोर केस, केसांसमोर केस. हरणाऱ्याला रिंगणातच भरपाई करावी लागते. मुखवटा गेला तर वर आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं या धंद्यात आहोत तेही लोकांसमोर सांगायचं. नियमानं तो मुखवटा परत घालायचा नाही.

७ नोव्हेंबर १९५२ ला एल सांतो या इथल्या सगळ्यात गाजलेल्या पैलवानानं ब्लॅक शॅडोचा मुखवटा घेतला, ती रात्र इथली म्हातारी माणसं आपण जुने दिल्ली-कोल्हापूरचे जोड काढतो तशी काढतात. ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन त्यानंतर सांतोच्या मागे हात धुऊन लागला आणि १९५३ मध्ये त्यानं सांतोचा जागतिक किताब हिसकावला. पण मुखवट्यासमोर मुखवटा अशी या दोघांची लढत कधीच झाली नाही. सांतोनं १९८४ च्या जानेवारीत टीव्हीवर मुखवटा जरासा वर केला, फेब्रुवारीत तो गेला, आणि त्याला मुखवट्यासकट पुरलं.

आमच्या शुक्रवारी मुखवटा नव्हता, केसांसमोर केस होते. दादा जरा हिरमुसला. त्यात त्याला कळलं की अंडरटेकरचा टूमस्टोन, म्हणजे समोरच्याला उलटं धरून डोक्यावर आपटणं, ज्याला इथे 'मार्तिनेते' म्हणतात, मेक्सिकोत बेकायदा आहे. मारला की थेट बाद. "म्हणजे आपला माणूस इथे पहिल्याच डावात हरला असता," म्हणत तो पुढचा अर्धा तास घुम्यासारखा बसला.

इथे एक गट 'तेक्निको', म्हणजे सरळमार्गी, आणि दुसरा 'रूडो', म्हणजे लबाड. शेवटच्या लढतीतला रूडो पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, पण केस कमरेला टेकणारे. आमच्या शेजारी एक आजी नातीला घेऊन बसल्या होत्या. त्या रूडोला ज्या शिव्या देत होत्या, त्या मला स्पॅनिश येत नसूनही समजत होत्या. तीनपैकी दोन डाव जिंकायचे, वेळेची मर्यादा नाही. पहिला त्यानं लबाडीनं घेतला, दुसरा गमावला. तिसऱ्यात त्याचे खांदे टेकले आणि पंचांनी तीन मोजले.

तो पळून जाईल असं मला वाटलं होतं. टीव्हीवर असले लोक पळतात, मग त्यांना धरून आणावं लागतं. अमेरिकेत २००७ मध्ये, तेव्हा नुसते उद्योगपती असलेल्या डोनाल्ड ट्रम्पनी डब्ल्यूडब्ल्यूईच्या (आमच्या लहानपणीची डब्ल्यूडब्ल्यूएफ ती हीच) मालकाची भर रिंगणात हजामत केली, तेव्हा त्या मालकाला खुर्चीला बांधावं लागलं होतं. हा गडी पळाला नाही. मधोमध उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली. आधी कात्री, मग मशीन. मशीन मध्येच अडकलं, पुन्हा चालू केलं. टाळूवर एकीकडे पांढरा पट्टा, दुसरीकडे केस लोंबताहेत, आणि हजारो लोक ओरडताहेत. केस वाढवायला किती वर्षं लागली असतील, याचा हिशोब प्रत्येक बाई आपोआप करते. मीही केला.

इथले निकाल आधी ठरलेले असतात हे मला माहीत आहे, दादाला माहीत आहे, आजींनाही असणार. पण मशीनला ते माहीत नसतं. पिंजऱ्यावरून पडण्याचं मला लहानपणी वाटलेलं भय खरं होतं, तरी सामना संपला की हिशोब कोरा व्हायचा. इथे हरणारा उद्या सकाळी दूध आणायला जाईल तेव्हाही हरलेलाच असेल. यासाठी मानधन चांगलं मिळतं म्हणतात. मिळायलाच हवं.

मग लोकांनी रिंगणात पैसे टाकायला सुरुवात केली. लढत आवडली की इथे तशी रीत आहे. आपल्याकडेही मैदान मारल्यावर पैलवान गर्दीतून फिरतो आणि लोक नोटा हातात देतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आजींचं. दोन तास ज्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्याच्यासाठी त्यांनी पर्स उघडली, नाणी मोजून नातीच्या हातात दिली आणि तिला पुढे पिटाळलं. वर त्या पुन्हा त्याला शिव्या देऊ लागल्या.

मी दादाला म्हटलं, "तू पण टाक."

"अगं, तो लबाड आहे."

"दे म्हणते ना."

त्यानं वीस पेसोची नोट चुरगाळून भिरकावली. ती दोन रांगा पुढे एका माणसाच्या बिअरमध्ये पडली. त्या माणसानं ती काढली, झटकली आणि उठून रिंगणात टाकली.

बाहेर मुखवट्यांची दुकानं अजून उघडी होती. दादानं सांतोचा रुपेरी मुखवटा घेतला, भाव न करता, म्हणून आमचं तिथेच भांडण झालं. भांडता भांडता मला भिंतीवरचं पुढच्या शुक्रवारचं पोस्टर दिसलं. त्यात आमचा रूडो होता, कमरेपर्यंतच्या केसांसकट.

"बघ," दादा म्हणाला, "यांनाच निकाल माहीत नव्हता. ठरलेलं बिरलेलं काही नसतं."

"छापखान्यावाल्याला सांगत नसतील," मी म्हटलं.

यावर आम्ही टॅक्सीत वाद घातला, विमानात घातला, आणि ह्यूस्टनला पोचल्यावर वहिनीला पंच नेमलं. तिनं दोघांनाही बाद केलं.