नळी घालताना आणि नळी काढताना

सिझेरियनसाठी स्पायनलचा, म्हणजे पाठीतून द्यायच्या भुलेचा ट्रे उघडणार तेवढ्यात लॅबचा फोन आला: प्लेटलेट ३८ हजार. सकाळी त्या ९० हजारांच्या वर होत्या. ३४ आठवड्यांची गरोदर, बीपी १८४/११८, डोकं ठणकतंय, हिरड्यांतून रक्त येतंय. प्री-एक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक चढतं त्या आजारात, भूलतज्ज्ञ म्हणून मी शक्यतो स्पायनलच देते, पण इतक्या कमी प्लेटलेटवर पाठीत सुई घातली तर मणक्यात रक्त साकळून पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणजे पूर्ण भूल.

पूर्ण भुलेत खरी भीती औषधांची नसते. लॅरिंगोस्कोपने जीभ उचलून श्वासनलिकेत नळी सरकवतो, त्या काही सेकंदांत बीपी उसळतं. एरवी शरीर ते सोसतं. इथे रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या, मेंदूत रक्तस्राव व्हायला तेवढी एक उसळी पुरते.

बाळाचे ठोके मधूनमधून उतरत होते, पण पुन्हा सावरतही होते. सर्जन मॅडम म्हणाल्या, "घ्या लवकर." मी म्हटलं, "मॅडम, मला पंधरा मिनिटं द्या. ठोके सावरले नाहीत तर त्याच क्षणी घेते." त्या थांबल्या, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बीपी उतरवायला लॅबेटॅलॉल २० मिलिग्रॅम दिलं, दहा मिनिटांनी ४०. तोवर मनगटात आर्टिरियल लाइन (धमनीतून थेट बीपी मोजणारी बारीक नळी) घातली, कारण दंडावरचा बीपीचा पट्टा मिनिटा-दोन मिनिटांनी आकडा देतो आणि मला प्रत्येक ठोक्याचा हवा होता. १५२/९६ वर थांबले. सिस्टोलिक, म्हणजे वरचा आकडा, १४० च्या खाली न्यायचं नव्हतं. वारेचा रक्तपुरवठा आईच्या बीपीवरच चालतो, ते एकदम पाडलं तर बाळ गुदमरतं.

"ताई, मास्कमधून खोल श्वास घ्या," म्हटलं. चेहरा सुजलेला होता, म्हणजे घसाही सुजलेला असणार. म्हणून बारीक, साडेसहाची नळी हातात आणि सहाची शेजारी. उसळी दाबायला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं आणि बालरोग डॉक्टरांना आधीच सांगितलं, की बाळ थोडं सुस्त निघू शकतं. मग झोपेसाठी प्रोपोफॉल, स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन. नळी गेली तेव्हा माझे डोळे मॉनिटरवरच्या बीपीच्या लाल रेषेवर होते: १६६, १६८, १६१, १५०. तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

बाळ रडलं, जरा उशिरा, पण रडलं. गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबावा म्हणून ऑक्सिटोसिन हळूहळू सोडलं. तेवढ्यात सवयीप्रमाणे सिस्टरने मेथर्जिन, त्याच कामाचं दुसरं औषध, भरायला घेतलं. "सिस्टर, ते नको, ट्रेमधूनच काढून ठेवा." मेथर्जिनने रक्तवाहिन्या आवळतात, एका इंजेक्शनने सगळं केलेलं पाण्यात गेलं असतं. वॉर्डातच झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सुरू झालं होतं, त्यामुळे ॲट्राक्युरियम हे स्नायू सैल करणारं औषध नेहमीपेक्षा कमी दिलं. मॅग्नेशियमवर स्नायूंची ताकद परतायला वेळ लागतो.

टाके पडले की ओटी सैलावते. मोबाइल बाहेर येतात, दार उघडझाप होतं. माझ्या मते याच वेळी सगळ्यांत जास्त जपायला हवं. शिकत असताना एका बाईंचं बीपी नळी काढताना २१० वर गेलेलं मी पाहिलंय. नळी घालण्याची तयारी चोख होती, काढण्याची कुणी केलीच नव्हती. फुफ्फुसात पाणी साठलं आणि त्या दोन दिवस व्हेंटिलेटरवर राहिल्या.

म्हणून भूल उतरवण्याआधी लॅबेटॅलॉलचा आणखी १० मिलिग्रॅमचा डोस दिला. नर्व्ह स्टिम्युलेटरने (नसेला हलका विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने) स्नायूंची ताकद पूर्ण परतल्याची खात्री केली. त्यांनी डोळे उघडले, माझा हात दाबला, तेव्हाच नळी काढली. बीपी १५८.

आयसीयूत हलवताना आर्टिरियल लाइन तशीच ठेवली. मॅग्नेशियम तासाला १ ग्रॅम, पुढचे २४ तास, असं लिहून दिलं. सिस्टरला बजावलं, की बाळंतपण झालं म्हणून बीपीचा चार्ट सैल सोडायचा नाही, ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीही पुन्हा चढतं. पहाटे प्लेटलेट पुन्हा पाठवल्या: ४४ हजार.