चौदावं कलम

नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा करार मार्चमध्ये माझ्या वकिलीच्या टेबलावर आला आणि अजून डोक्यातून उतरलेला नाही. मुलगा सतरा वर्षांचा, चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर मोटार रेसिंगचे दोन सीझन काढलेला. युरोपातला एक फॉर्म्युला फोर (फॉर्म्युला वनच्या वाटेवरची सुरुवातीची पायरी) संघ त्याला सीट, म्हणजे गाडीतली जागा, द्यायला तयार होता. या पातळीवर संघ पगार देत नाही, सीटचे पैसे ड्रायव्हरच भरतो. वडिलांना ते ठाऊक होतं, म्हणूनच करार घेऊन आले होते.

२६ पानं. सगळ्यांचं बोट पैशाच्या पानावर: सहीला ३० टक्के, बाकी चार हप्त्यांत, प्रत्येक हप्ता शर्यतींच्या फेरीआधी. इंजिनचं भाडं, मेकॅनिक, टेस्टिंगचे दिवस त्यात धरलेले. धडकेचं बिल मात्र वेगळं आणि त्याला मर्यादाच नाही. एकदा ब्रेक उशिरा दाबला तर पुढचं विंग आणि सस्पेन्शनचे आर्म सोबतच जातात.

पण खरी मेख चौदाव्या कलमात होती. कामगिरी, वर्तन किंवा ‘संघाचं व्यावसायिक हित’, यांपैकी कशासाठीही ड्रायव्हर बदलता येईल आणि उरलेले हप्ते तरीही देय राहतील. मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला. आपल्याकडे अज्ञानाचा करार शून्य, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्कं आहे. म्हणून जामीनदार वडील. पोरगा गाडीतून उतरला तरी पैसे बापाच्या खात्यातून जात राहणार.

‘व्यावसायिक हित’ हे शब्द मी सहज सोडत नाही. २०१० मध्ये एचआरटी या फॉर्म्युला वन संघानं आपल्या करुण चंढोकची गाडी अर्ध्या सीझनला साकोन यामामोटोला दिली. पुढच्या वर्षी त्याच संघात नारायण कार्तिकेयनच्या जागी रेड बुल संघाचा डॅनियल रिकियार्डो आला. आणि सीटचा हक्क कोर्टात जिंकला तरी सीट मिळतेच असं नाही. २०१५ मध्ये गिडो व्हॅन डर गार्डे या ड्रायव्हरनं सॉबर या फॉर्म्युला वन संघाविरुद्ध मेलबर्नच्या कोर्टात निकाल मिळवला, अपिलातही टिकवला. दुसऱ्या ड्रायव्हरचा सूट चढवून गॅरेजपर्यंत गेला, शर्यत काही धावला नाही. शेवटी पैशांवर तडजोड झाली. गाडी संघाची, इंजिनिअर संघाचा, परवान्याची कागदपत्रंही संघाच्याच हातून जातात. तिथं कोर्टाचा हुकूम किती पुरणार?

म्हणून मी सीटसाठी शब्द खर्च केले नाहीत, परताव्यासाठी भांडलो. ड्रायव्हर बदलला तर न धावलेल्या फेऱ्यांचे पैसे ३० दिवसांत परत, जामीनदारी त्याच दिवशी संपणार, धडकेच्या बिलाला दर फेरीची कमाल मर्यादा आणि मोडलेल्या प्रत्येक भागाचा फोटो. एवढं मिळालं. हप्ते त्रयस्थाच्या एस्क्रो खात्यात ठेवा म्हटलं, ते साफ नाकारलं.

परदेशी पैसे पाठवण्याची भानगड वेगळीच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर. पुढे प्राप्तिकरात वळता होतो, पण भरताना रोख लागतो. बँकेत हे कुणी आपणहून सांगत नाही. पहिला हप्ता ३१ मार्चच्या आत, दुसरा एप्रिलमध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षांत, असं बसवलं.

मुलगा दोन तास गप्प होता. मग म्हणाला, “सर, फोमची सीट माझी राहील ना?” ड्रायव्हरला गाडीत पिशवीवर बसवून आत दोन रसायनं ओततात, ती फुगतात आणि पाठीच्या, कमरेच्या आकारात घट्ट होतात. दुसऱ्या कुणाला ती सीट बसत नाही. करारात तिचा खर्च ड्रायव्हरचा आणि मालकी संघाची होती. ते बदलून मागितलं. दहा मिनिटांत होकार आला.

परताव्याचं कलम समजावलं तर वडील म्हणाले, “वकीलसाहेब, पैसे वापस घेऊन काय करू जी? पोराले गाडी चालवाची हाय.”

कलम कितीही घट्ट लिहिलं तरी परतावा निघणार संघाच्या कंपनीच्या खात्यातूनच. मी दोनदा ताळेबंद मागितला. आला नाही. तरी त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर २६ पानांवर सह्या केल्या आणि मी थांबवलं नाही.