ब्रिस्टल : पुतळ्याच्या पलीकडचा कॅरी ग्रँट

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, मिलेनियम स्क्वेअरमध्ये हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँटचा कांस्य पुतळा आहे, 2001 सालचा. सूट, टाय, हातात चित्रपटाची संहिता. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकतात, फोटो काढतात, निघतात. मला विचाराल तर इथं फार रेंगाळू नका. पाच-सात मिनिटं चालून हिप्पोड्रोम नाट्यगृह गाठा. हा सूटवाला नट तिथं घडला.

कॅरी ग्रँटचं मूळ नाव आर्ची लीच. 1904 साली ब्रिस्टलच्याच हॉर्फील्ड भागात जन्मलेला हा आर्ची पोरवयात हिप्पोड्रोममध्ये पडद्यामागं पडेल ते काम करायचा. 1918 मध्ये शाळेनं काढून टाकलं, तेव्हा तो बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या ताफ्यात शिरला. कोलांट्या, पायांना लांब काठ्या बांधून चालणं, मूकनाट्य. 1920 मध्ये ताफ्यासोबत 'ऑलिंपिक' जहाजानं न्यूयॉर्क.

ही तालीम कुठं कामी आली? 1937 च्या 'द ऑफुल ट्रुथ' चित्रपटातली मैफल बघा. नायिका आयरीन डन गातेय, हा मागं खुर्ची कलती करून बसलाय. खुर्ची घसरते, हा आडवा. सावरायला जातो तर खडखडाट आणखी वाढतो, आणि चेहरा मात्र 'काही झालंच नाही' असा. आयरीन गाण्याचा शेवट हसण्यातच मिसळून टाकते. नुसता देखणा नट इथं फक्त पडला असता.

पॅरामाउंट स्टुडिओनं त्याला 1932 पासून बरीच वर्षं शोभेचा नायक म्हणूनच वापरलं. करार संपल्यावर तो कुणा एका स्टुडिओला बांधला गेला नाही. त्या काळात हे धाडसच. पुढं दिग्दर्शक हिचकॉकबरोबर चार चित्रपट. ऑस्करचं मात्र दोन नामांकनांवरच भागलं. 1966 मध्ये काम थांबवल्यावर 1970 मध्ये मानाचं दिलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय!

हॉर्फील्डचं घर बाहेरूनच बघायचं. ब्रिस्टलच्याच फिशपाँड्स भागात मात्र जाच. तिथं जुन्या मनोरुग्णालयाच्या चर्चमध्ये ग्लेनसाइड म्युझियम आहे. ते रोज उघडं नसतं. वेळ न बघता गेलात तर बंद दाराचा फोटो घेऊन परत.

आर्चीची आई एल्सी या रुग्णालयात होती. शाळेतून पोरगं घरी आलं तर आई नाही. समुद्रकिनारी गेलीय, असं सांगितलं. पुढं तो तिला मेलेलीच समजत होता. ती जिवंत असल्याचं कळलं तेव्हा त्यानं तिशी ओलांडलेली, नावही बदललेलं. एल्सीच्या आठवणीत होता तो शाळकरी आर्ची.